डेटा आत न्यायला फुकट, बाहेर काढायला पैसे

व्यवसायासाठी क्लाउड निवडताना बहुतेक जण तासाचा दर पाहतात. पण सारख्या ताकदीच्या मशीनचे ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगलचे दर जवळपास सारखेच निघतात. खरा फरक इतरत्र आहे.

आधी डेटा सेंटरच्या अंतराचं पाहू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया सुमारे १३ हजार किलोमीटर. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली, तरी जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद लागणारच, आणि एक पान उघडायला अशा कित्येक फेऱ्या होतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नईत, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत डेटा सेंटरं सुरू केली. त्यामुळे कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला आता या बाबतीत तिघेही जवळचेच.

विंडोज सर्व्हर, एसक्यूएल सर्व्हरचे परवाने आधीच घेतलेले असतील, तर ते ठरावीक अटींवर मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर वापरता येतात आणि बिल बरंच उतरतं. प्रचंड डेटाचं विश्लेषण करायचं, तर गूगलची बिगक्वेरी मला सर्वांत सोयीची वाटते. ॲमेझॉन २००६ पासून या धंद्यात आहे. तिथलं काम जाणणारी माणसं सहज मिळतात, ही लहान कंपनीसाठी फार मोलाची गोष्ट आहे.

आता बिलातली न वाचली जाणारी ओळ. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात एक गिगाबाइट महिनाभर ठेवायला साधारण अडीच सेंट पडतात. तोच गिगाबाइट इंटरनेटवर बाहेर काढायला, महिन्याचे पहिले १०० गिगाबाइट सोडले तर, जवळपास ११ सेंट. एकदा बाहेर काढण्याच्या खर्चात तो चार महिने ठेवता येतो! २०२४ साली तिन्ही कंपन्यांनी कायमचं सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ केलं. रोजच्या वापराचं मात्र सुरूच आहे. शिवाय एकाच कंपनीच्या डेटाबेसवर बेतलेलं सॉफ्टवेअर दुसरीकडे नेताना नव्याने लिहावं लागतं, त्याला माफी नाही. म्हणून करार करण्याआधीच बाहेर पडण्याचा खर्च मांडून पाहावा.

आणि डेटाची एक प्रत दुसरीकडे ठेवावीच. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची यंत्रणा गूगलच्याच चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. ५ लाखांहून अधिक सदस्यांना जवळपास आठवडाभर खाती पाहता आली नाहीत. यंत्रणा पुन्हा उभी करताना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेले बॅकअप कामी आले.