रक्त पातळ करणारी गोळी आणि मेथीची जुडी

गेल्या हिवाळ्यात जळगावला नणंदेकडे गेले होते. अंगणात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरिताची वांगी भाजत होती. पण ऐन हंगामात घरात मेथी-पालकाचे नाव नाही! विचारले तर म्हणाली, "वहिनी, ह्यांना झटक्यानंतर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना! शेजारच्या म्हणतात, पालेभाजीनं रक्त घट्ट होतं." सहा महिने पालेभाजी बंद. शेवभाजीवरची तर्री मात्र तश्शीच, बोटभर!

मैत्रिणींनो, हा घोटाळा घरोघरी होतो. म्हणून जरा समजून घेऊ या.

आपल्या रक्तात रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स असतात. त्यांचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे. विळीने बोट कापले, की त्या एकमेकींना चिकटून जखम बुजवतात. हेच हृदयाच्या रक्तवाहिनीत घडले, की झटका! चिकटण्याचा इशारा देणारे द्रव्य शरीर एका स्निग्धाम्लापासून बनवते. ॲस्पिरिन ते बनू देत नाही.

पालेभाजीतले 'के' जीवनसत्त्व वेगळेच काम करते. रक्त गोठवणारी प्रथिने यकृतात तयार होतात, त्यांना ते लागते. म्हणून आधी गोळी कोणती ते पाहा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल, तर पालेभाजीची भीती नको. वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल असेल, तरी भाजी बंद करायची नाही. रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे. आज जुडीभर, उद्या काहीच नाही, असे केले तर गोळीचा हिशेब चुकतो. शिवाय पालेभाजीतले फोलेट नव्या बिंबिका तयार व्हायला लागतेच.

आता तेलाचे. १९७०च्या दशकात बांग आणि डायरबर्ग ह्या डॅनिश डॉक्टरांनी मासे व सील खाणाऱ्या ग्रीनलंडवासीयांचे रक्त तपासले. त्यांच्या बिंबिका कमी चिकटत होत्या. त्याचे श्रेय माशांतल्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांना दिले गेले. आपल्या शेंगदाणा तेलात ती जवळजवळ नाहीत. जवसात मात्र त्याच जातीचे स्निग्धाम्ल भरपूर आहे. माशांतल्या प्रकारात त्याचे रूपांतर थोडेच होते, पण जेवणात चमचाभर जवसाची चटणी असावी. जवस भाजून कुटावेत. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात.

मात्र चटणी म्हणजे औषध नव्हे. तिच्या भरवशावर गोळी सोडू नये. 'ई' जीवनसत्त्वाच्या किंवा मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल परस्पर सुरू करू नयेत. गोळीच्या जोडीला रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

नणंदेच्या घरची गोळी ॲस्पिरिनची निघाली. डॉक्टरांना विचारून आली आणि दुसऱ्याच दिवशी कळण्याच्या भाकरीबरोबर मेथीची भाजी झाली. तर्री? ती आता पळीने मोजून!