‘पुस्तकात असं नव्हतं!’ : एका तक्रारीचा विचार

आजचा विषय घराघरातला आहे. आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून माणसं बाहेर येतात आणि पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘पुस्तकात असं नव्हतं!’ पाठोपाठ दुसरं, ‘आणि तो नट? तो तर मुळीच शोभत नाही.’ घरी पोचेपर्यंत मग हेच चालतं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना अशा तक्रारींचं भारी आकर्षण, कारण रागावलेला माणूस स्वतःच्या नकळत एखादा सिद्धान्त मांडत असतो. इथला सिद्धान्त असा की पुस्तक ही एक पक्की, पूर्ण वस्तू आहे. चित्रपटाने तिची नक्कल करायची होती आणि ती बिघडली. हा सिद्धान्त आज आपण तपासणार आहोत. तक्रार खोटी आहे असं आपल्याला म्हणायचं नाहीये. तिच्यात तथ्य आहे, फक्त ते नेमकं कुठे आहे ते शोधायला हवं. आणि त्यासाठी नटाची तक्रार आणि कथेची तक्रार या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात.

आधी नटाचं बघू. एक छोटा प्रयोग करा. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा डोळ्यांसमोर आणा. आला? आता त्याच्यावरचे खिळे मोजा बरं. मोजता येत नाहीत! आलँ नावाचा फ्रेंच विचारवंत पॅरिसच्या पँथिऑन या इमारतीबद्दल हाच प्रश्न विचारायचा, की मनातल्या चित्रातले खांब मोजून दाखवा. सार्त्रने १९४०च्या आपल्या कल्पनाशक्तीवरच्या ग्रंथात हा मुद्दा पुढे नेला. मनातल्या चित्रात खांब ‘पुष्कळ’ असतात, पण त्यांना संख्या नसते. कादंबरीतल्या माणसांचंही तसंच. रोमान इन्गार्डन या पोलिश तत्त्वज्ञाने १९३१मध्येच सांगून ठेवलं की साहित्यकृती ही अनिश्चित जागांनी भरलेली असते. नायिकेचे डोळे लेखक सांगतो, कान सांगत नाही. आणि आपणही ते कान भरून घेत नाही, तसेच मोकळे सोडतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. पडद्यावर आलेल्या माणसाला कुठले तरी एकच कान असावे लागतात.

म्हणजे आपण ज्या चेहऱ्याशी नटाची तुलना करतो, तो चेहरा म्हणून कुठे अस्तित्वातच नसतो. असते ती एक ओढ, एक सूर, फार तर एक चाल. त्यामुळे त्या जागी कुणालाही उभा केला असता तरी तो आपल्याला ‘नको इतका ठरलेला’ वाटलाच असता. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’चं उदाहरण घ्या. २००४ची कादंबरी, नववीतला मुकुंद जोशी ती सांगतो. पुस्तकभर आपण जोशीच्या डोळ्यांनी बघत असतो. जोशीकडे बघत नसतो. त्यावरचा सुजय डहाके यांचा चित्रपट आला आणि पहिल्याच काही क्षणांत जोशी बाहेर उभा राहिला, एक मुलगा म्हणून, इतर मुलांमधला. अनेक वाचकांना त्या वेळी काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. दोष त्या मुलाच्या अभिनयाचा नव्हता. जो ‘मी’ होता तो ‘तो’ झाला, एवढंच. पण ही ‘एवढंच’ म्हणण्यासारखी गोष्ट नव्हे. वाचकाने स्वतःला ज्या जागी ठेवलं होतं, त्या जागेवरून त्याला उठवलं जातं, आणि राग मात्र नटावर निघतो.

या रागाची एक काळी बाजूही आहे, ती टाळून पुढे जाणं बरं नव्हे. सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये रू नावाची एक लहान मुलगी आहे. तिची त्वचा गडद तपकिरी आहे असं लेखिकेने स्वच्छ लिहिलेलं आहे. २०१२मध्ये चित्रपट आला, त्यात ही भूमिका अमांडला स्टेनबर्ग या कृष्णवर्णीय मुलीने केली. वय तेरा. आणि काही वाचक चिडले. रू अशी नव्हती म्हणाले. काहींनी तर तिच्या मरणाचं दुःख त्यामुळे कमी झालं इथपर्यंत बोलून दाखवलं. बघा, पुस्तकात जे शब्द छापले होते ते त्यांनी वाचूनही वाचले नाहीत. निरागस मुलगी म्हटल्यावर गोरा चेहरा त्यांच्या मनात आपोआप उमटला, आणि तो पुस्तकानेच दिला असं त्यांनी धरून चालले.

आपल्याकडे अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यात प्रेक्षकाने स्वतःच्याच ‘स्व’मध्ये अडकून बसणं हेही एक. शोक तिथे होता, मुलगी तिथे होती. विघ्न खुर्चीत बसलं होतं.

नटाकडे बघायचं कसं, याचं एक उत्तर अभिनवगुप्ताच्याही आधी श्रीशंकुकाने दिलेलं आहे. त्याला चित्रतुरगन्याय म्हणतात. चित्रातला घोडा बघून आपण ‘हा खरा घोडा आहे’ असं समजत नाही, ‘हा घोडा नव्हेच’ असंही म्हणत नाही. आहे की नाही अशा संशयातही पडत नाही, आणि ‘हा घोड्यासारखा आहे’ अशी तुलनाही करत बसत नाही. आपण नुसतं म्हणतो, घोडा. रंगमंचावरचा राम असाच ‘राम’ म्हणून कळतो. पुढे अभिनवगुप्ताच्या गुरूंनी, भट्टतौतांनी, या मताची चांगलीच झडती घेतली, तो भाग वेगळा. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की चिडलेला वाचक चौथ्या पायरीवर अडकलेला असतो. तो ‘सारखा’ आणि ‘सारखा नाही’ यातच दोन तास घालवतो, घोडा त्याला दिसतच नाही.

अपवाद आहेत. ली चाइल्ड यांचा जॅक रीचर सहा फूट पाच इंच उंच आहे, आणि त्याच्या मारामाऱ्या, लोकांना वाटणारी त्याची भीती, सगळं त्या देहावर उभं आहे. २०१२मध्ये ती भूमिका टॉम क्रूझने केली तेव्हा वाचकांनी केलेली कुरकुर पोकळ नव्हती. तिथे देह कथेचाच भाग होता. म्हणजे खरा प्रश्न शेवटी कथेकडेच येतो.

तेव्हा आता कथा. इथे सगळ्यात जुना आरोपी आपला कालिदास. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंताला शकुंतला चांगली आठवत असते. भर सभेत तो ओळख नाकारतो, सरळ खोटं बोलतो. शकुंतला त्याला खडसावते, वाद घालते, आणि शेवटी आकाशवाणी होते तेव्हा कुठे राजा कबूल करतो. कालिदासाने काय केलं? दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, मासा आणि कोळी आणला. राजा खोटारडा उरला नाही, विसराळू झाला, तोही शापामुळे. आजच्या भाषेत, नायकाची प्रतिमा सांभाळली.

आता याच्या शेजारी विजय आनंदचा ‘गाइड’ ठेवा. आर. के. नारायण यांची कादंबरी १९५८ची, चित्रपट १९६५चा. कादंबरीत रोझीचा नवरा मार्को हा शुष्क माणूस आहे, लेण्यांत बुडालेला, बायकोकडे लक्ष नसलेला. पण बाहेरख्याली नाही. चित्रपटात रोझी गुहेत जाते तर तो दुसऱ्या बाईबरोबर सापडतो. झालं! रोझीने त्याला सोडणं प्रेक्षकाला एकदम मान्य. म्हणजे दुर्वासाचा शाप दुष्यंतासाठी जे काम करतो, तेच काम गुहेतली ती बाई रोझीसाठी करते. दोघांचा डाग धुतला जातो. मग एकाला आपण कविकुलगुरू म्हणायचं आणि दुसऱ्यावर ‘पुस्तकाचं वाटोळं केलं’ असा आरोप करायचा, हे कसं काय?

उत्तरासाठी नवव्या शतकातल्या काश्मीरमध्ये जावं लागेल, आनंदवर्धनाकडे. तो ‘ध्वन्यालोका’त म्हणतो की परंपरेने आलेली कथा रसाला अनुकूल नसेल तर कवीने ती खुशाल सोडावी, मधे नवीन कल्पावी. कवीचं काम नुसता वृत्तान्त पोचवणं नव्हे, ते इतिहास करतोच. पण तोच आनंदवर्धन दुसऱ्या बाजूनेही बजावतो: रामायणासारख्या ज्या कथा सिद्धरस झाल्या आहेत, म्हणजे ज्यांचा रस लोकांच्या मनात पक्का मुरला आहे, तिथे त्या रसाला विरोधी अशी मनमानी करू नये. दोन्ही वाक्यांत मोजमाप एकच आहे. ‘बदल केला का?’ हा प्रश्न नाही. बदलाने रसाचं काय झालं, हा आहे. आपल्या विदर्भाच्या भवभूतीने तर ‘उत्तररामचरिता’त शेवटच फिरवला, राम-सीतेची भेट घडवली. सिद्धरस कथा, पण करुण त्याने उणा होऊ दिला नाही.

ही फूटपट्टी लावून बघू. दुर्वासाचा शाप येतो कुठून? शकुंतला दुष्यंताच्या विचारात इतकी हरवलेली असते की दारातल्या अतिथीची हाक तिला ऐकू येत नाही. म्हणजे प्रेमातूनच शाप निघतो. बाहेरून आणून चिकटवलेला नाही. शिवाय राजाचा डाग धुतल्यावर कालिदास त्याला मोकळा सोडत नाही. अंगठी मिळाल्यावर अख्खा सहावा अंक त्याला पश्चात्तापात जाळतो. यात काही गेलंही आहे, ते मान्य करायला हवं. व्यासांची ती भर सभेत राजाला सुनावणारी बाणेदार बाई कालिदासाकडे बरीच मऊ झाली. रोमिला थापर यांनी १९९९च्या आपल्या पुस्तकात या दोन शकुंतलांची सविस्तर तुलना केली आहे. व्यासांच्या शकुंतलेवर जीव असणाऱ्याने कालिदासावर रागवावं. तो राग रास्त आहे!

‘गाइड’मधली गुहेतली बाई मात्र कशातूनच निघत नाही. ती रोझीचा निर्णय सोपा करते आणि जाते. नारायण यांनी तो अवघड ठेवला होता. कादंबरीतली रोझी पुढे यशस्वी नर्तकी होते, आणि तरी नियतकालिकात छापून आलेला मार्कोचा फोटो कापून आरशाला लावते. ज्याने तिला टाकलं त्याच्याबद्दलची ही न सुटणारी ओढ राजूला कळत नाही, आपल्यालाही पुरती कळत नाही. मार्को दुष्ट ठरला की हा फोटो आरशावर राहूच शकत नाही.

दुसरा बदल वरवर किरकोळ वाटतो. मालगुडी गेलं, राजस्थान आलं. नारायण यावर फार चिडले होते. ‘मिसगायडेड गाइड’ या लेखात त्यांनी सगळी हकिगत बोचऱ्या विनोदाने लिहून ठेवली आहे. आपल्याला वाटेल, गावाचं एवढं काय? पण विचार करा. मालगुडीसारख्या सामान्य गावात राजूला गाइडपण रचावं लागतं. पडक्या भिंतीला तो मनाला येईल तेवढं वय देतो, समोरचा प्रवासी पाहून इतिहास कमीजास्त करतो. थापा मारून लोकांना हवं ते देणं हीच त्याची कला, आणि याच कलेमुळे पुढे तो न ठरवता साधू बनतो. उदयपूरला राजवाडे समोर उभे आहेत. तिथे थापांची गरज काय? जागा बदलली आणि राजूच्या स्वभावाचा पायाच हलला.

चित्रपट वाईट आहे असं यातून निघत नाही. वहिदा रेहमान यांची रोझी नाचायला लागते तेव्हा कादंबरीला जे जमलेलं नाही ते पडद्यावर घडतं. नारायण यांच्याकडे तो नाच आपल्याला राजूच्या शब्दांतूनच मिळतो. शेवटही चित्रपटाने आपल्या रसाप्रमाणे केलेला आहे. तिथे पाऊस पडतो, राजू मरतो, खोटा साधू खरा ठरतो. अद्भुताकडून शांताकडे जाणारा तो शेवट प्रामाणिक आहे. फक्त तो नारायण यांच्या रसाचा नाही. त्यांचा रस होता संशयमिश्रित हास्याचा.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कादंबरी असेल त्यांनी पुढच्या वेळेपर्यंत तिचं शेवटचं पान पुन्हा वाचून या. राजू नदीत उभा आहे, डोंगरात पाऊस पडतोय असं तो म्हणतो, आणि खाली कोसळतो. पाऊस खरंच पडला, असं लेखकाने कुठे लिहिलंय का, तो मेला असं कुठे लिहिलंय का, ते शोधा. प्रश्नोत्तरं तिथूनच सुरू करू.