गेफेल गावची कॅप्सूल

ज्याला आपण सरसकट माईक म्हणतो त्याच्या दोन जाती आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. कारखान्याच्या फाटकापुढील सभेत आम्ही जो वापरतो, त्यात पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या फटीत हलते. तो धूळ खातो, हातातून पडतो, तरी बोलतो. दुसरी जात कंडेन्सर मायक्रोफोनची. ती नाजूक, महाग आणि स्टुडिओत राहणारी. अमेरिकेत वेंटे नावाच्या संशोधकाने १९१६ साली ती प्रथम सिद्ध केली.

तिचे तत्त्व असे. धातूची एक जाड चकती घ्यावी, तिच्यासमोर केसाहूनही पातळ असा सोन्याचा मुलामा दिलेला पडदा ताणून बसवावा, आणि दोहोंमध्ये विजेचा दाब ठेवावा. आवाजाने पडदा थरथरला की अंतर कमीजास्त होते आणि त्या मानाने विजेचा दाबही बदलतो. मात्र हा बदल इतका दुबळा, की तो दोन-चार हात तारेतूनसुद्धा धडपणे जात नाही. म्हणून त्याला बळ देणारा व्हॉल्व्ह मायक्रोफोनच्या पोटातच बसवावा लागे.

गेऑर्ग नॉयमान ह्यांनी १९२८ साली बर्लिनमध्ये कारखाना काढून बाटलीच्या आकाराचा असा मायक्रोफोन विक्रीला आणला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ह्याच बाटल्या होत्या आणि नाझी पुढाऱ्यांच्या तोंडापुढेही ह्याच होत्या. पडद्याला खरेखोटे कळत नाही, हे आम्हा भाषणे करणाऱ्यांनी विसरू नये.

ह्या घराण्यातला सर्वांत नावाजलेला मायक्रोफोन १९४९ चा यू ४७. त्याच्या हृदयाला, म्हणजे कॅप्सूलला, एम ७ म्हणतात. तिच्या चकतीच्या दोन्ही अंगांस एकेक पडदा असतो. एकाच पडद्याला दाब दिला तर मायक्रोफोन समोरचेच ऐकतो. दोहोंना दिला तर चहूकडचे. ही युक्ती फॉन ब्राउनम्यूल व वेबर ह्या दोघांची, १९३० नंतरच्या दशकातली. फ्रँक सिनात्रा ह्या यू ४७ पुढे गायला, बीटल्सही गायले.

आतला व्हॉल्व्ह टेलिफुंकेनचा व्हीएफ १४, मूळ रेडिओसाठी केलेला. त्याच्या तापतारेला ५५ व्होल्ट लागत. नॉयमानच्या मंडळींनी ती सुमारे ३६ वरच चालवली. त्यामुळे १०५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर सारे भागले. पण असे व्हॉल्व्ह सगळेच शांत निघत नसत. एकेक तपासायचा, खरखर करणारा बाजूला टाकायचा, आणि निवडलेल्यावर ‘एम’ अक्षर उमटवायचे. कानांचे आणि धीराचे हे काम करणाऱ्यांची नावे कोणत्याही ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर नाहीत. पुढे टेलिफुंकेनने व्हीएफ १४ बंद केला, शिल्लक साठा संपत गेला आणि १९६५ च्या सुमारास यू ४७ ही थांबला. सहज मिळणाऱ्या व्हॉल्व्हवरचा यू ६७ तोवर, १९६० मध्येच, आलेला होता.

माझे मन मात्र गेफेलमध्ये अडकते. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनचा कारखाना जळाला, तेव्हा काम थुरिंगियातील ह्या लहानशा गावी हलवण्यात आले. युद्धानंतर गाव रशियन हद्दीत गेले. मालकाने पश्चिम बर्लिनमध्ये नवी कंपनी उभारली. गेफेलचे कामगार गेफेललाच राहिले. एका कारखान्याचे असे दोन कारखाने झाले. १९७२ मध्ये गेफेलचा सरकारी मालकीचा झाला, आणि जर्मनी एक झाल्यावर पुन्हा खाजगी. तिकडे पश्चिमेची कंपनी १९९१ मध्ये सेनहायझरने घेतली. मालकीच्या पाट्या अशा बदलत राहिल्या, तरी चकतीला भोके पाडण्याची आणि पडदा ताणण्याची विद्या गेफेलमध्ये एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली.

पश्चिमेने जुना पीव्हीसीचा पडदा सोडून पॉलिएस्टरचा धरला, कारण पीव्हीसी वयाबरोबर वाळतो व तडकतो. आज लाखांनी मोल चढलेल्या कितीतरी यू ४७ ची दुखणी तीच आहेत. पीव्हीसीच्या पडद्याची एम ७ गेफेलमध्ये आजही तयार होते.