गोवरची दुसरी लस का चुकवू नये?

“नऊ महिन्यांची टोचली ना ताई, आता परत कशाला?” खोपटच्या वस्तीत घरभेटी करताना हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी आई निष्काळजी नसते. लसीसाठी गेले की तिचा एक खाडा होतो. रात्री बाळाला ताप आला तर दुसऱ्या दिवशीही कामावर जाता येत नाही. म्हणून तिच्या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे.

बाळ जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना निकामी करणारे घटक असतात. ही शिदोरी काही महिन्यांत संपते. गोवर-रुबेला लसीत दुबळे केलेले विषाणू असतात. शरीर त्यांना ओळखायला शिकते आणि ती ओळख जपून ठेवते. आईची प्रतिपिंडे शिल्लक असली तर लस नीट लागू पडत नाही, म्हणून पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तरीही त्याने १०० पैकी साधारण ८५ बाळांनाच संरक्षण मिळते. उरलेली १५ कोणाची, हे बाहेरून कळत नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान सर्वांना दुसरा डोस दिला जातो.

गोवर हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. संरक्षण नसलेल्या लोकांत एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. एका खोलीत सहा-सात माणसे राहतात, तिथे काय होईल ते सांगायला नको. गोवरमुळे न्यूमोनिया, जुलाब, अंधत्व, मेंदूला सूज येऊ शकते. मूल बरे झाले तरी काही काळ त्याची प्रतिकारशक्ती खचलेली राहते.

२०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवरची साथ आली, बालके दगावली. नऊ महिन्यांखालील बाळांनाही लागण होऊ लागली. तेव्हा असे रुग्ण जास्त असलेल्या भागांत सहा महिन्यांपासूनच एक जादा डोस देण्याची सूचना केंद्र सरकारने केली. एरवी या तान्ह्यांना लस देता येत नाही. त्यांच्याभोवतीच्या मुलांनी लस घेतलेली असणे, हेच त्यांचे संरक्षण. त्यासाठी वस्तीतल्या किमान ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस पूर्ण हवेत. तुमच्या मुलाचा दुसरा डोस शेजारच्या तान्ह्यालाही वाचवतो.

आज घरातले लसीकरण कार्ड काढून पाहा. डोस राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो. गावी गेल्यामुळे चुकला असला तरी चालेल, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलू नका. लसीनंतर थोडा ताप येऊ शकतो, त्याचे औषध नर्सताईंना विचारून घ्या. कार्ड हरवले असेल तर आशाताईंना भेटा, पण घरी बसू नका.