पत्र्याची पेटी आणि जमीन

नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रांत पणदऱ्याचें शिवार आहे. तेथील उसाच्या मळ्यांत विहिरीपाशीं पत्र्याच्या पेटींत विजेच्या पंपाचा स्टार्टर असतो. मोबाइलवरून पंप चालूं-बंद करणारा सर्किट बोर्डहि आतां अशा पेट्यांत बसवितात. हा बोर्ड पेटीला जोडावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा. परंतु ओल्या पायांनीं पेटीला हात लावणाऱ्याच्या जिवाशीं त्याचा संबंध आहे.

येथें दोन निरनिराळ्या जोडण्या आहेत. पहिली पेटीपासून जमिनीपर्यंतची. घरच्या तीन पिनांच्या प्लगांतील जाड, लांब पीन हेंच काम करते. फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर मोठा प्रवाह वाहून फ्यूज वितळावा, हा तिचा हेतु. पण अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत सुकून त्याचा रोध 20 ओहम झाला, तर 230 व्होल्टच्या दाबानें फार तर 11.5 ॲम्पिअर प्रवाह वाहील. तेवढ्यानें 15 ॲम्पिअरचा फ्यूज वितळत नाहीं, आणि पेटींत वीज तशीच खेळत राहते. म्हणून खड्ड्यांत मीठ व कोळसा घालून ओल राखतात. शिवाय 30 मिलिॲम्पिअर गळती होतांच पुरवठा तोडणारा स्विच असणें श्रेयस्कर.

दुसरी जोडणी बोर्डाच्या शून्य-पट्टीपासून पेटीपर्यंतची. पंपाकडे जाणारी लांब तार रेडिओच्या एरियलसारखी वागते. मोटर बंद होतांना ठिणगी पडून उठणारा क्षणिक धक्का त्या तारेवाटे बोर्डाकडे येतो. तार पेटींत शिरते तेथेंच कपॅसिटरमधून त्याला पत्र्यावर वाट दिली, तर बोर्ड वांचतो. ही वाट आंखूड व रुंद हवी. दहा सेंटिमीटर बारीक तारेचा अडथळा सेकंदाला 50 आवर्तनांच्या विजेस नगण्य असतो. एक कोटि आवर्तनांस मात्र तो सुमारें 6 ओहम होतो. स्क्रूखालचा रंगहि खरवडलेला असावा.

परंतु ज्या स्वस्त बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यांतील कित्येकांची शून्य-पट्टी थेट वीजपुरवठ्याशीं जोडलेली असते. ती पत्र्याला जोडणें म्हणजे पेटींत वीज सोडणेंच होय. जुन्या एसी-डीसी रेडिओंचा धातूचा सांगाडा असाच विजेशीं जोडलेला असे. म्हणून त्यावर लांकडी किंवा बेकेलाइटचें आवरण ठेवीत.

बोर्ड पेटीला नीट जोडला, म्हणून अर्थिंग टाळतां येत नाहीं. अर्थिंग उत्तम आहे, म्हणून बोर्ड वांचेलच असेंहि नाहीं. दोन्ही जोडण्या जाणकाराकडून वेगवेगळ्या तपासून घ्याव्या, आणि खड्ड्याची तपासणी उन्हाळ्यांत, माती सुकलेली असतांनाच करावी.