तबकडी, मांडणी आणि हादरा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत नाना विषय बोलले गेले आहेत. कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो वेतनकरारावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणार. आज आरंभी तरी आम्ही ती पुरी करणार नाही. घरात गाणे ऐकण्याचा जो सरंजाम असतो, तो कशावर ठेवावा आणि हादऱ्यापासून त्याला कसे वाचवावे, हा आमचा आजचा विषय आहे. आमचे शालेय शिक्षण थोडे. जे कळले ते फिटर, सुतार आणि वाचनालयातली पुस्तके यांच्याकडून. त्यामुळे या व्याख्यानात गणित बेताचे आणि अनुभव जास्त असेल.

विषय सुचला तो असा. चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीत आमच्या युनियनचे लहानसे वाचनालय आहे. निवृत्त झालेल्या एका फिटरने आपला रेकॉर्ड प्लेअर आणि शेसव्वाशे तबकड्या वाचनालयाला दिल्या. खंजिरी भजने, भीमगीते, नाट्यसंगीत, जुन्या सिनेमांतली गाणी, असा तो संग्रह. दुपारी पहिली पाळी सुटली की मंडळी ऐकायला जमत; आणि नेमके त्याच सुमारास उघड्या खाणीत सुरुंग उडत. खिडक्या थरथरल्या की सुई उडी घेऊन दोनचार ओळी पुढे जाऊन पडे, आणि तबकडीवर ओरखडा उरे.

इलाज सुचवणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नसते. एकाने अँगलची वेल्डिंग केलेली भक्कम लोखंडी मांडणी करून दिली. दुसऱ्याने कन्व्हेअर पट्ट्याच्या जाड रबराचे तुकडे तिच्या पायांखाली सरकवले. तिसऱ्याने नागपूरहून चांगली किंमत मोजून अणकुचीदार पोलादी पाय आणले. सुई उडतच राहिली. तेव्हा इलाज थांबवून आधी दुखणे समजून घ्यावे, असे आम्ही ठरवले.

प्रथम सुईचा विचार करू. एल.पी. तबकडी १९४८ साली अमेरिकेत बाजारात आली. तिच्यावरची खाच मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास रुंद असते. सुईचे टोक त्याहून बारीक, आणि सुईचा तबकडीवरचा भार अवघा दीडदोन ग्रॅम. चावीच्या जुन्या ग्रामोफोनचे डोके शंभर ग्रॅमच्या आसपास भार टाकीत असे. ते तबकडी झिजवी, पण सहसा उडत नसे. नव्या यंत्राने आवाज गोड केला आणि सुई नाजूक केली.

आता झोपाळा डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. भलत्या लयीत कितीही ढकला, तो कुरकुरत जागच्या जागी राहतो. प्लेअरची दांडी सुईच्या लवचिक बैठकीवर तोललेली असते, म्हणून तीही एक झोपाळाच होय. चांगल्या प्लेअरमध्ये या झोपाळ्याची लय सेकंदाला ८ ते १२ कंप एवढी ठेवतात. उघड्या खाणीच्या सुरुंगाचा हादरा जमिनीतून घरापर्यंत येतो, तो बहुधा सेकंदाला ५ ते ३० कंपांच्या पट्ट्यात. म्हणजे सुरुंग हा सुईच्या झोपाळ्याला पुष्कळदा त्याच्याच लयीत धक्का देतो. गाण्याने भरलेली खाच आणि दारूने भरलेले भोक यांचे असे हे अनपेक्षित नाते आहे.

मग हादरा अडवायचा कसा? नियम जुना आहे आणि कारखान्यात प्रत्येक फिटरला तो ठाऊक असतो: खाली मऊ, वर जड. जड वस्तू मऊ बैठकीवर ठेवली की त्या जोडीचीही एक लय होते. खालून येणारा हादरा या लयीहून बराच जलद असेल, तर बैठक खालीवर होते आणि वस्तू जवळजवळ स्थिर राहते. हादरा त्याच लयीचा असेल, तर वस्तू अधिकच डुलते. हादरा फार मंद असेल, तर वस्तू निमूटपणे त्याच्याबरोबर जाते. हिशेब असा की, हादऱ्याची कंपसंख्या बैठकीच्या कंपसंख्येच्या १.४ पटीवर गेल्याशिवाय फायद्याला सुरुवात होत नाही. तिप्पट झाली म्हणजे वर सुमारे आठवा हिस्सा पोचतो.

बैठकीची लय ओळखण्याची युक्ती सोपी आहे. वजन ठेवल्यावर बैठक किती दबली ते पाहावे. स्प्रिंग १ मिलिमीटर दबली, तर लय सेकंदाला सुमारे १६. १ सेंटिमीटर दबली, तर ५. ४ सेंटिमीटर दबली, तर अडीच. रबर याहून थोडे ताठर निघते, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो.

आता आमचे तीन इलाज का फसले ते उघड होईल. लोखंडी मांडणी भक्कम होती, म्हणूनच तिने जमिनीचा हादरा प्रामाणिकपणे वर पोचवला. कन्व्हेअरचे रबर मैलोगणती कोळसा वाहण्यासाठी केलेले. प्लेअरच्या वजनाने ते मिलिमीटरचा दहावा भागही दबले नसेल. दहावा भाग दबले असे धरले तरी लय सेकंदाला ५० येते, म्हणजे सुरुंगाच्या दृष्टीने ते दगडच. रबर हे नाव ऐकून फसू नये. जे दबत नाही ते अडवत नाही. अणकुचीदार पायांचे काम वस्तू डगमगू न देणे एवढेच. ते हादरा अडवत नाहीत, उलट जमिनीशी घट्ट सांधतात. स्पीकरखाली त्यांचा उपयोग असेल. सुरुंगापुढे ते निरुपयोगी.

हे तत्त्व आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांना पुस्तकावाचून कळलेले आहे. वडसा-देसाईगंजकडे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. फळ्यांच्या रंगमंचावर लावणीचा ठेका पडला की माइकच्या दांड्यातून धाडधाड आवाज सगळ्या मैदानात जातो. अनुभवी माणूस दांड्याखाली पोत्याची जाड घडी सारतो आणि काम भागवतो. पावलांचे ठोके जलद आणि हलके, म्हणून पोते पुरते. सुरुंगाला पोते पुरत नाही.

आम्ही जो तराफा केला तो सांगतो. लहान मुलाच्या सायकलची १२ इंची ट्यूब घेतली आणि प्लायवुडच्या फळीवर ठेवली. तिच्यात हवा इतकीच भरली की वजन पडल्यावर ती अर्धीअधिक दबावी, पण वरचा दगड फळीला टेकू नये. तिच्यावर कडप्प्याची ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ३ जाड अशी लादी ठेवली. तिचे वजन २२ किलोच्या जवळ भरते. लादीवर प्लेअर ठेवला आणि पाणसळ लावून हवा व जागा जमवत पातळी साधली. लादी हाताने दाबून सोडली, वाचनालयातल्या एका मुलाने मोबाइलवर चित्रफीत घेतली, ती सावकाश चालवून डोल मोजले. सेकंदाला साडेतीनच्या आसपास भरले. म्हणजे सेकंदाला १० कंपांचा हादरा वर जाताना सातव्या हिश्श्यावर येतो. ज्या पट्ट्यात सुई उडते, नेमका तोच पट्टा यात सापडला. आमच्या चंद्रपूरच्या ४७ अंशांच्या उन्हाळ्यात ट्यूब लवकर उतरते. दर पंधरवड्याला पंप मारावा लागतो, एवढीच कटकट.

एक सावधगिरी मात्र पाळावी. काही प्लेअरना आतच स्प्रिंगांची बैठक असते. ते पुन्हा ट्यूबवर ठेवले तर दोन झोपाळे एकमेकांना झोके देऊ लागतात. असा प्लेअर भिंतीत घट्ट बसवलेल्या हलक्या, ताठ फळीवर ठेवावा. जुन्या चांद्यातल्या माडीच्या घरांत, जिथे लाकडी तक्तपोशी पावलागणिक हलते, तिथे कोणत्याही प्लेअरला ही भिंतीची फळीच उत्तम. जमिनीलगतच्या फरशीवर तिची गरज नाही.

आता मांडणी. ती बुटकी आणि रुंद असावी, जड वस्तू तळाशी ठेवावी, मागे तिरकी पट्टी मारावी म्हणजे ती बाजूला झुलत नाही. लाकूड म्हणाल तर आलापल्लीच्या जंगलाच्या सावलीत राहणाऱ्यांना सागवानाची महती आम्ही काय सांगावी! वाळवीला ते दाद देत नाही, वाकत नाही, ताठ राहते. पण ते सरकारी डेपोचे, पासाचे घ्यावे. ते परवडत नसेल तर प्रक्रिया केलेला बांबूही चांगला ताठ असतो; चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रामुळे त्याचे सामान आता आपल्याकडे अपरिचित राहिलेले नाही. स्पीकर मात्र प्लेअरच्या मांडणीवर कधीही ठेवू नयेत. स्पीकर हादरतो, तो हादरा सुईला कळतो, सुई तो पुन्हा स्पीकरला सांगते, आणि खोलीभर गुरगुर सुरू होते. हा घरातला सुरुंग आपणच पेरलेला असतो.

खर्च कुठे करू नये हेही सांगितले पाहिजे. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरला जमिनीच्या हादऱ्याने आवाजात फरक पडत नाही. त्याला मोकळी हवा द्या, पुरे. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर हादऱ्याने थोडा किणकिणतो, त्याच्याखाली मऊ काही असावे. सीडीच्या यंत्राला मोठा धक्का जाणवतो, बारीक नाही. मोबाइलवरून गाणे ऐकणाऱ्याने या बाबतीत पैसाही खर्चू नये. त्यात हलणारी सुई नाही. जिथे सुई आहे तिथेच बंदोबस्त लागतो. बाकी जाहिरात.

इथे हे व्याख्यान संपायला हवे होते. पण तराफा तयार झाला, सुरुंग उडाला, सुई जागची हलली नाही, आणि आम्ही अभिमानाने इकडेतिकडे पाहिले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या वसाहतीतल्या एका मावशी म्हणाल्या, “भाऊ, सुई उडली त चार महिने पुस्तकं वाचले. आमच्या भिंतीले तडा गेला तेव्हा कोनतं पुस्तक वाचलं?”

श्रोतेहो, आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून तेही पुस्तक वाचले. खाण सुरक्षा महासंचालनालयाचे १९९७ चे एक परिपत्रक आहे. सुरुंगाने जमीन किती वेगाने हलू द्यावी, याच्या मर्यादा त्यात आहेत. खाणमालकाच्या मालकीचे नसलेल्या राहत्या घरापाशी, हादरा सेकंदाला ८ कंपांहून मंद असेल तर मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ कंपांपर्यंत १०, त्यावर १५. ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंना २, ५ आणि १०. आणि खाणमालकाच्या मालकीच्या, मर्यादित आयुष्याच्या राहत्या घरांना १०, १५ आणि २५. मंद हादऱ्यात हे थेट दुप्पट! मालकाच्या वास्तूचे नुकसान मालकाचेच, असा यामागचा हिशेब असावा. पण त्या क्वार्टरमध्ये मालक राहत नाही. तिथे कामगार राहतो, त्याची म्हातारी आई राहते, पाळण्यातले मूल राहते. विटेचे आयुष्य मर्यादित असेल. तिच्या आडोशाला झोपणाऱ्याचे आयुष्य त्या हिशेबात कोणी धरले?

आणखी एक गोष्ट आमचा तराफाच शिकवतो. दूरवर पोचलेला सेकंदाला ५ कंपांचा मंद हादरा त्याच्यावरून जवळजवळ जसाच्या तसा वर जातो. अख्खे घर तर ट्यूबवर ठेवता येत नाही. तेव्हा हादरा अडवायची खरी जागा त्याच्या उगमापाशीच. एका क्षणी फुटणारी दारू कमी करणे, भोकांमध्ये काही सहस्रांश सेकंदांचे अंतर ठेवणे, वेळ आधी जाहीर करणे, आणि घरापाशी मोजणीयंत्र लावून आकडे रहिवाशांना दाखवणे, या गोष्टी जगभर माहीत असलेल्या आहेत. एका क्षणी फुटणारी दारू निम्मी केली तर हादरा साधारणपणे निम्म्याच्या थोडा वर राहतो. यात गूढ काही नाही, खर्च मात्र आहे. आणि खर्चाचा प्रश्न आला की तो युनियनचा प्रश्न होतो.

हाच नियम डंपरच्या आसनालाही लागू आहे. बसलेल्या माणसाच्या धडाचीही एक लय असते, सेकंदाला सुमारे ४ ते ८ कंप. आणि खाणीच्या खडबडीत रस्त्यावर डंपरचे धक्के याच्या आसपास असतात. आसनाची स्प्रिंग चांगली असेल तर पाठीचा कणा वाचतो. ती बसून गेली की आसन त्या कन्व्हेअर रबरासारखे होते: नावाला मऊ, कामाला दगड. दीड ग्रॅम भाराच्या सुईसाठी आम्ही २२ किलोची लादी उचलून आणली. आठ तास डंपरवर बसणाऱ्या भावाच्या कण्यासाठी नवे आसन मागायला आम्ही इतकी वर्षे का घेतली, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारतो.

तात्पर्य, गाणे जरूर ऐका. श्रमणाऱ्या माणसाला त्याचा पुरा हक्क आहे, आणि कडप्प्याची एक लादी व सायकलची एक ट्यूब एवढ्यात तो पदरी पडतो. महागड्या मांडणीची गरज नाही. पण सुई उडाली की तबकडीवरचा ओरखडा पाहून थांबू नका. मान वर करून भिंतीकडेही पाहा. आमच्या वाचनालयात त्या मावशींनी दुसऱ्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. सुरुंगाची तारीख, वेळ, आणि कुणाच्या घरी कोणता तडा किती बोटे वाढला, हे तीत लिहिले जाते. तराफ्याच्या शेजारीच ती वही असते. आपण कधी आलात तर गाणे ऐका, आणि ती वहीही वाचा.