विश्लेषण : घड्याळ एकच, मग मुंबई आणि दिब्रुगडचा सूर्य वेगळा का?

डिसेंबरअखेरीस मुंबईत सकाळी सातला शाळेत निघालेल्या मुलांना सूर्य दिसत नाही. आसाममधल्या दिब्रुगडमध्ये तेव्हा सूर्य उगवून तास झालेला असतो. पण दुपारचे साडेचार वाजतात न वाजतात तोच तिथे सूर्यास्त होतो आणि मुंबईला अजून दीड तासाहून अधिक उजेड मिळणार असतो. दोन्ही शहरांतली घड्याळे मात्र एकच वेळ दाखवतात. असे का?

फरक नेमका किती?
पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर, तर दिब्रुगड ९५ अंशांवर आहे. म्हणजे २२ अंशांचे अंतर आणि ८८ मिनिटांचा फरक. त्यात दिब्रुगड अधिक उत्तरेला असल्याने तिथला हिवाळ्यातला दिवस मुंबईपेक्षा अर्ध्या तासाने लहान असतो. म्हणून सूर्यास्तातली तफावत आणखी वाढते.

सर्वांची वेळ एक कधी झाली?
१ जानेवारी १९०६ पासून. उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणारे साडेब्याऐंशी अंश रेखावृत्त त्यासाठी आधार धरले गेले. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली हीच आपली प्रमाणवेळ. मुंबईने ती सहजी स्वीकारली नाही. शहराची जुनी ‘बॉम्बे टाइम’ ३९ मिनिटे मागे होती. घड्याळ पुढे नेण्याला गिरणी कामगारांसह अनेकांनी विरोध केला. जुनी वेळ १९५५ पर्यंत शहरात टिकून होती.

‘चायबागान टाइम’ काय आहे?
आसामच्या चहामळ्यांमध्ये घड्याळ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे ठेवण्याची पद्धत ब्रिटिश काळापासून आहे. पाने खुडण्याचे काम उजेडात होते. त्यामुळे मजूर लवकर कामाला लागतात आणि अंधार पडण्यापूर्वी घरी परततात. सरकारी कार्यालयांना ही सोय नाही. जूनमध्ये दिब्रुगडला सव्वाचारच्या सुमारास सूर्य उगवतो. दहाला कार्यालय उघडेपर्यंत दिवसाचे पावणेसहा तास गेलेले असतात. हिवाळ्यात कामाचे शेवटचे तास दिवे लावून काढावे लागतात.

स्वतंत्र वेळ का दिली जात नाही?
आसामचे तत्कालीन मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी २०१४ मध्ये ही मागणी लावून धरली. त्यासाठीची जनहित याचिका गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली. देशाची प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ईशान्येसाठी ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढची वेळ सुचवली. केंद्राने मात्र व्यूहात्मक कारणे देत दोन वेळांना नकार दिला. सीमेवर रेल्वेच्या वेळा बदलताना चूक झाली तर अपघात होऊ शकतो, हाही एक आक्षेप आहे.

मधला मार्ग आहे का?
संपूर्ण देशाचे घड्याळ अर्धा तास पुढे न्यावे, असाही पर्याय मांडला गेला आहे. ईशान्येला त्याने थोडा दिलासा मिळेल. पण मग मुंबईत डिसेंबरअखेरचा सूर्योदय सव्वासातऐवजी पावणेआठच्या आसपास होईल आणि सकाळच्या शाळांची मुले आणखी अंधारात घराबाहेर पडतील. घड्याळाला हात न लावता ईशान्येतील शाळा व कार्यालयांच्या वेळा तासभर आधी आणणे हा त्यातल्या त्यात सोपा उपाय. चहामळ्यांनी तो केव्हाच शोधला आहे.